नखाएवढे स्क्रू

तुमच्या झोपायच्या खोलीची कडी कुठल्या बाजूला आहे हो? आतून ना? मग किल्लीमामाचं ऐका.

हा माणूस चाळीस वर्षं किल्ल्या घासतोय. पण कुलूप शिकला तो आतून. बाप बदडायचा आणि खोलीत कोंडायचा. पोराने वाकड्या तारेने दार उघडायची कला कमावली.

मागच्या महिन्यात एका मास्तरांनी बोलावलं. गोड माणूस. पाणी विचारलं, पंखा लावला. "झोपायच्या खोलीची बाहेरची कडी खिळखिळी झालीय. बायको झोपेत चालते, मामा."

मामाने कडी पाहिली. आतून दणके खाऊन वाकलेली. झोपेत चालणारं माणूस दाराशी कुस्ती खेळत नाही. मामाने पिशवी उघडली. नवी कडी बसवली, पण नखाएवढ्या स्क्रूंवर. मास्तर फोन घ्यायला वळले तसा त्यांच्या बायकोच्या कानाशी पुटपुटला, "ताई, खांद्याचा एकच धक्का. निघेल."

चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन. "स्क्रू आखूड मारलेत म्हणे. हीच म्हणाली."

मामाच्या दुकानात हे कानावर पडलं आणि माझं डोकंच फिरलं. अगं बाई, स्वतःच्या पायावर धोंडा? मामाने मला झापलं, "गप बस. मी तरी लहानपणी काय करायचो? कुलूप उघडून परत आतच बसायचो. बाहेर दिसलो तर दुप्पट मार. त्याला कळण्याआधी आपणच सांगितलं तर मार कमी पडेल, असं वाटतं. हे मी विसरलो, माझीच चूक."

मामा मास्तरांकडे गेला. बाई मान खाली घालून उभी.

"आता लांब मारा," मास्तर हसत म्हणाले.

मामाने कडीच उपसली आणि पिशवीत टाकली. "बाहेरून कडी? माझ्या हातून नाही."

"हळू बोला, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की! अहो, कोणी आहे का?"

समोरचं दार उघडलं. शेजारच्या काकू. "रोज धडधडतं खरं. आम्हाला वाटलं, दार फुगलंय."

"फुगलेलं दार रडतं का हो, काकू?"

काकू खाली बघायला लागल्या. मग बाजूला सरकल्या आणि दार सताड उघडं धरलं.

"आत चल," मास्तर बायकोला म्हणाले. आवाज अजून गोडच.

तशीच अनवाणी उंबरा ओलांडून ती काकूंच्या मागे जाऊन उभी राहिली.

चार पावलांचं अंतर. काकूंना पहिल्याच धडधडीला कापता आलं असतं. भिंतीपलीकडे दार वाजलं, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. उठा, बेल दाबा. साखर मागा, सुई मागा, वाट्टेल ते मागा. पण त्या घरची बाई डोळ्यांनी बघितल्याशिवाय माघारी फिरू नका.