जळल्या माळावर सोडलेल्या शेळ्या

आमच्या थोरल्या वहिनी रागावल्या की आम्ही दोघे दीर गप्प. थोरला भाऊ तर आधीच घराबाहेर, शहाणा माणूस!

घरामागे चुनखडीचा माळ होता. वीतभर माती, खाली सगळा पांढरा खडक. दर काही वर्षांनी त्याचा निम्मा भाग जाळायचा, नाहीतर झुडपं माजतात आणि सावलीत फुलं मरतात. फुलं मेली की वहिनींच्या मधमाश्या उपाशी. मधल्या भावाच्या शेळ्याही कामाच्या, झुडपांचे कोंब फस्त करायच्या. फक्त जळलेल्या जागी फुलांचं बी पडेपर्यंत त्यांनी पाय ठेवायचा नाही.

एका वर्षी निम्मा माळ जाळला. राखेतून असं कोवळं फुटलं, की माणसानं खावं! मधल्याला राहवलं नाही. रोज पहाटे गुपचूप शेळ्या सोडायला लागला, मलाही सोबत न्यायचा. एका सकाळी बघतो तर वहिनी समोर.

"भावजी, हे काय?"

"जरा तोंड मारलंय त्यांनी. फुटेल परत."

"काय फुटेल? गोड तेवढं मुळासकट ओरबाडलं, काटे ठेवलेत माझ्यासाठी! माश्यांना काय आता तुमचं तोंड चाटायला लावू?"

मी हसलो.

"आणि तुम्ही हो? डोळे घरी खुंटीला टांगून येता का?"

हसू जिरलं.

पुढे तिथं नुसते काटे माजले. मधाच्या पेट्या ओस पडल्या. वहिनी मधल्याशी बोलेनात. ताट आदळून मला म्हणायच्या, "विचारा त्यांना, आणखी वाढू का."

उरलेला निम्मा माळ झुडपांनी गिळत आणला होता. फुलं काय ती तिथंच. जाळायची वेळ आली, तर वहिनी अडून बसल्या. "शेळ्यांना ताट वाढायला जाळू? जाऊ देत माझ्या माश्या!"

मधला मुकाट्यानं माळावरचेच दगड वाहायला लागला. जाळायच्या भागाभोवती कमरेएवढा बांध घातला. वहिनींनी येऊन वरचा दगड बोटानं ढकलला. पडला.

"भावजी, यावरून तुमची म्हातारी शेळी झोपेत जाईल. हातभर वाढवा. आणि धाकट्यांना घ्या हाताशी, नुसते दात काढत उभे आहेत."

किती दिवसांनी त्याच्याशी थेट बोलल्या! मधला असा खुलला, की दगड पायावर पडला तरी हसतोय.

बांध वाढला. वहिनींनीच काडी ओढली. कडेनं आग सरकायला लागली, आम्ही ओली गोणपाटं घेऊन उभे. धुरातही त्यांचं तोंड चालूच.

"गोणपाट आपटा, भावजी! वारा काय घालताय आगीला?"