लॅमिनेशन केलेलं कार्ड

गोंदियाच्या फलाटावर बाबांनी खिडकीतून हात आत घातला आणि मीनूचं लसीकरणाचं कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. "लॅमिनेशन करून आणलं. परगावी कागद खराब होते, पोरी." बाबा रेल्वेत बाबू होते. आमच्या मार्कशीटा, रेशनकार्ड, सारं त्यांनी असंच प्लास्टिकात घातलेलं. मीनू दहा महिन्यांची होती. पुढच्या डोसांचे कोरे रकानेही आत बंद झाले, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या. मी तर रडून राहिली होती.

रायपूरले गुढियारीत खोली घेतली, नवऱ्याचं काम मालधक्क्यावर म्हणून. मीनूचे डोस मी वेळेवर दिले, पण प्लास्टिकावर पेन चालेना. नर्सदीदीनं चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाली, "नया कार्ड बनवा लो." मी म्हणलं, हव. बनवलं मात्र नाही. वर्षभरात परतच जायचं, मग इथलं कार्ड कशाले? अन् बाबांचं कार्ड बाजूला टाकणं जिवावर आलं. पुढे खोली बदलली, त्यात चिठ्ठ्या गेल्या.

मग मले नवा रायपूरले एका ऑफिसात नोकरी लागली. तिथलं पाळणाघर परवान्याचं, चकचकीत. मॅडमनं कार्ड उलटसुलट पाहिलं. "खाने खाली हैं, दीदी. नियम है." मी लय भांडली, लेकराची शपथ घेतली. आता वाटते, तिचं काय चुकलं? बाकीच्या आया तिच्याच भरवशावर लेकरं सोडून जात होत्या. डॉक्टर म्हणाले, पुरावा नाही तर डोस पुन्हा घ्या, मधे महिन्याचं अंतर ठेवून. आणि मले सोमवारी हजर व्हायचं होतं.

महिन्यासाठी म्हणून मीनूले गोंदियाले आई-बाबांजवळ सोडलं. तिथंच डोस झाले, नवं कार्ड झालं, तोवर पाळणाघरातली जागा भरली. पुन्हा जागा निघाली तेव्हा आई म्हणाली, "राहू दे, रुळली पोट्टी." मग शाळा लागली. चार वर्षं झाली. गाव सोडून निघालेल्या तुम्हा साऱ्यांले सांगते, महिन्यासाठी असं काही नसते.

मागच्या दिवाळीत तिले न्यायले गेली. इकडे तिच्यासाठी छोटा पलंग घेऊन ठेवला होता. ती माझ्या बोलण्यावर हसली, "आई, तू काहून हिंदी बोलून राहिली?" आणि निघायच्या वेळी बाबांचा सदरा घट्ट धरून म्हणाली, "मले नाही यायचं तुझ्या घरी."

तुझ्या घरी.

बाबा खाली मान घालून बसले. "माझ्यानंच झालं हे. कशाले गेलो मी लॅमिनेशन करायले?" नर्सदीदीनं नवं कार्ड बनवायले सांगितलं होतं, हे तेव्हा तोंडाशी आलं. बोलली नाही. आजही सांगितलेलं नाही.

एकटीच परत आली. पलंगावर आता धुतलेले कपडे असतात.

माझं घर कोणतं, मले विचारू नका. ते जुनं कार्ड ट्रंकेत आहे. पत्त्याच्या जागी बाबांच्या अक्षरात गोंदिया. एकदा पेन घेऊन त्याच्यावर रायपूर लिहून पाहिलं. उमटलं नाही.