एतेल्काच्या सोळा काचा

सेगेद शहरातल्या विद्यापीठात एतेल्का बोदोर सव्वीस वर्षं पेशी वाढवत होती. वासराच्या रक्तातला पिवळट द्रव घालून त्या पोसायच्या. त्या द्रवाच्या वासाची तिला कधी किळस आली नाही. किळस आली ती प्रयोगशाळेचे प्रमुख केलेमेन सरांची.

पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल जास्त झालं की एकच प्रथिन ते उचलून आत नेतं, असं सरांनी परिषदांमध्ये छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. म्हणजे ते प्रथिन काढून टाकलं, तर कोलेस्टेरॉल कडेलाच अडकून राहायला हवं.

एतेल्काने ते प्रथिन काढलेल्या पेशींच्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या सोळा काचा केल्या. कोलेस्टेरॉलला चिकटून निळा चमकणारा रंग त्यांवर घातला. उजेडात तो भराभर विझतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत घाईघाईने फोटो काढले. नऊ काचांत निळी कड लखलखत होती. उरलेल्या सात काचांत निळं आत पोचलं होतं. आणखी कुठलंतरी प्रथिन कोलेस्टेरॉल वाहून नेत होतं. तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सर पावावर बदकाच्या चरबीचे तळलेले तुकडे ठेवून खात होते. तेलकट बोटाने त्यांनी सात फोटो बाजूला सारले.

"या पेशी खराब झाल्यात."

"नाही सर. यांच्याच जोडीच्या बश्यांतल्या पेशी आत्ताही वाढताहेत. येऊन बघा."

"एतेल्का मावशी, डोळे थकलेत तुमचे. नातवंडं सांभाळा आता."

"नातवंडं नाहीत मला. डोळे आहेत."

सर हसले. ओठांवर चरबी चकाकत होती. "नऊ छापू. बाकीचे पुसून टाका."

"मग माझं नाव काढा त्यातून."

"तुमचं नाव होतंच कुठे?"

बुधवारच्या बैठकीआधी एतेल्काने सोळाही फोटो भिंतीवर लावले. जमलेले सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघत राहिले. लेख नऊ फोटोंनिशी छापून आला आणि एतेल्काची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने दाखवलं, की पहिलं प्रथिन नसलं तर त्याचंच एक भावंड कोलेस्टेरॉल आत नेतं. त्यावर सरांनी भाषण ठोकलं. "आम्हाला याचा संशय होताच!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एतेल्का उठली, बाहेर आली आणि अंगणातल्या नळावर तिने तीनदा चूळ भरली.