अक्का, कनेक्शन आणि धर्माबादचा लिलाव

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात: चहाचे कप आणि किस्से. कप निदान शनिवारी धुतले जातात, किस्से तसेच पडून राहतात!

आमचं ऑफिस लातुरात, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मोंढ्यांसाठी, म्हणजे इकडच्या बाजारपेठांसाठी, शेतमालाच्या लिलावाचं अ‍ॅप करतो. मी टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यामुळं माझ्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही. अपवाद एकच: शिवलीलाअक्का, आमची टीम लीड, उदगीरची. अ‍ॅपला डेटाबेसशी बोलायला कनेक्शन लागतं. ते कुणी उघडायचं, किती वेळ ठेवायचं आणि कुणी बंद करायचं, यावरच आमची निम्मी भांडणं होतात.

* * *

आमचा प्रोग्रामर इरफान नांदेडचा. गोदावरीकाठचा माणूस, त्याला टंचाई माहीत नाही. जिथं लागेल तिथं नवीन कनेक्शन उघडायचा आणि तसंच सोडून पुढं जायचा. दुपारपर्यंत डेटाबेस हात वर करायचा, आता जागा नाही!

अक्कानं त्याला शेजारी बसवलं. "आमच्याकडं लग्नाची मोठी भांडी मठात असतेत. ज्याला लागतंय त्यानं स्वामींकडं मागायचं. तेच देणार, तेच परत ठेवून घेणार. घरोघरी कुणी कढई इकत घेतंय का? कोडला लागंल ते काढून देणारा आपला कंटेनर म्हंजे तो मठ. कनेक्शन बनवू नको, माग!"

"पण अक्का, मागितल्यावर देतंय का ते?"

"तू रिपोर्ट देतो त्याच्या आधी देतंय!"

* * *

इरफान मागायला शिकला, पण घेतलेलं सोडायला शिकला नाही. लॉगिन केलेला व्यापारी कोण, हे दर बोलीला नव्यानं विचारायचं असतं. यानं पहिल्यांदा मिळालेलं नावच कायमचं धरून ठेवलं. टेस्टिंगला पहिलं लॉगिन सरांचं, म्हणजे आमच्या मालकांचं. मग बोली कुणीही लावो, माल सरांच्या नावावर! चहा येईपर्यंत सरांनी लातूरचं सगळं सोयाबीन घेतलं होतं.

सर केबिनमधून बाहेर आले. "अगं, मी एवढं सोयाबीन ठेवू कुठं?"

अक्कानं स्क्रीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "इरफानच्या गच्चीवर, सर."

* * *

अक्का मुलाखत घेते ती बघण्यासारखी असते. पुण्याहून आलेल्या एका साहेबांनी कनेक्शनच्या आयुष्याचे सगळे प्रकार इंग्रजीत घडाघडा सांगितले. अक्कानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेजारणीकडून कढई आणली. तुमचं काम झालं. आता?"

साहेब म्हणाले, "मी मुळात नवीनच घेईन. ऑनलाइन मिळते."

नंतर शिरूर अनंतपाळची वैष्णवी आली. तिला तोच प्रश्न. ती म्हणाली, "घासून जिची तिला देते. ठेवून घेतली तर आई घरात घेत न्हाई."

अक्का सरांकडं वळली. "हिचं पत्र काढा."

* * *

आणि त्याच वैष्णवीनं पहिल्याच आठवड्यात अख्खं अ‍ॅप बंद पाडलं!

टंचाईत वाढलेली पोरगी. नळ टपकताना दिसला की हातातलं काम टाकून उठते. कोडमध्येही तेच, आपलं काम झालं की कनेक्शन बंद. पण ते सगळ्यांचं सामायिक होतं. हिनं बंद केलं की बाकीचे कोरडे!

ती रडकुंडीला आली. "अक्का, मी तर नीट बंद केलं हो."

"वळण चांगलं हाय तुझं, सोडू नको," अक्का म्हणाली. "फकस्त जे तू उघडलं न्हाईस, ते तू बंद करायचं न्हाई."

चूक सांगावी तर अशी. मी इतकी वर्षं चुका सांगतोय, माझ्यामुळं लोक नुसते चिडतात.

* * *

आता धर्माबादचा किस्सा. तिथल्या मोंढ्यातल्या मिरचीचा मोठा लिलाव होता. व्यापाऱ्यांचे पुढारी नरसय्या शेट आधीच बजावून गेले होते, "मागल्या हंगामात अडकलं. औंदा अडकलं तर काम हैदराबादच्या अ‍ॅपवाल्याला देतो." आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते. ते गेलं असतं तर निम्म्या ऑफिसला पुण्याची गाडी धरावी लागली असती.

आणि नेमकी त्याच सकाळी अक्का दवाखान्यात! बाळंतपणाची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, पण बाळ काय आमचा प्लॅन विचारून येतं?

लिलाव रंगात आला आणि अ‍ॅप रेंगाळायला लागलं. वैष्णवीनं कारण शोधलं. सरांनी आदल्या दिवशी, कुणाला न दाखवता, शेतकऱ्याला मेसेज पाठवायची सोय स्वतःच लिहिली होती. दर बोलीला नवीन कनेक्शन! "दोनच ओळी होत्या गं," सर म्हणाले. तिनं त्या दुरुस्त केल्या. पण दुरुस्ती लावायला अ‍ॅप बंद करून चालू करावं लागणार, आणि मध्येच बंद केलं तर चालू बोल्या पुसल्या जाणार. तसंच ठेवलं तर थोड्या वेळात ते आपणहूनच थांबणार.

फोन वाजला. शेट! सरांनी स्पीकरवर घेतला.

"अ‍ॅप रेंगाळून राहिलं. अक्काला द्या."

"शेट, ती दवाखान्यात आहे. बाळंतपणाला."

"मग थांबवतो."

"काय?"

"लिलाव थांबवतो हो! बाळंतपण थांबतंय का?"

आणि मागून मोंढ्याच्या भोंग्यावर त्यांचा आवाज आला, "आपल्या लातूरच्या अक्काला लेकरू होऊन राहिलं! समद्यांनी चहा घ्या, बोली मग!"

वैष्णवीनं तेवढ्यात दुरुस्ती लावली. बोली पुन्हा सुरू झाली आणि शेवटच्या ढिगापर्यंत अ‍ॅप एकदाही अडलं नाही. संध्याकाळी शेटचा फोन.

"मिरची समदी गेली. पोरगी का पोरगं?"

"पोरगी!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"लई ब्येस. आन् ऐका, तो हैदराबादवाला सकाळपासून हितंच बसून होता. समदं बघितलं त्यानं."

सर फोनवर वाकले. "काय म्हणाला?"

"अक्काचा नंबर मागून राहिला. न्हाई दिला!"