बोलत बोलत चढा

"बोलत बोलत चढा, गप्प राहायचं नाही." जिन्याच्या पायथ्याशी सरांचं हे वाक्य ठरलेलं. पेशंट हिंदीवाला असला तर, "बातें करते चलो जी." आणि स्वतः तोवर दोन पायऱ्या वर.

नोएडातल्या आमच्या हॉस्पिटलात कुणाच्या फुफ्फुसाचा भाग काढायचा असला, की तो आधी छातीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे आमच्या सरांकडे यायचा. ऑपरेशन झेपेल का, नंतर माणूस स्वतःच्या दमावर श्वास घेईल की मशीनवर अडकून पडेल, हे सांगणं त्यांचं काम. मी तिथली फिजिओथेरपिस्ट. फुंकायच्या मशीनचे आकडे बघून झाले की सर उठायचेच. मुळात त्यांना खुर्चीत बसवतच नसे. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे आणि अर्धा कप कुठल्यातरी खिडकीत विसरायचे. तो शोधायचा मी. वैताग नुसता.

माणूस नागपूरचा, नोकरी सगळी दिल्लीत. मला नावानं हाक नाहीच. "काय पुणेकर, चलो." पेशंटच्या बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून मी मागे, सर पुढे, आणि मग चौकशा: मुलं काय करतात, भाजी कुठून आणता. मला म्हणायचे, "पेशंटला ऑपरेशन हवं असतं, म्हणून तो दम लागल्याचं लपवतो. लँडिंगवर ज्याला अचानक खिडकीबाहेरचं काही बघावंसं वाटतं, त्याचा दम संपला समज."

फौजी आला की सर जास्तच अस्वस्थ. एकदा कँटोन्मेंटमधून साताऱ्याकडचे एक सुभेदार आले. छाती काढून, न थांबता थेट वर. बायको खूश, मीही खूश. वर पोचल्यावर सरांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, गावाकडं कोण कोण असतं?" सुभेदारांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नुसती चार बोटं दाखवली.

"आत्ता नाही," सर म्हणाले. "आधी विडी बंद. मग या पुणेकरणीकडं श्वासाचे व्यायाम."

बायको भडकली. "अहो डॉक्टर, गाठ थांबणार आहे का तोवर?"

सर तसेच खाली उतरले. दिवसभर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते. पुढं सुभेदारांचं ऑपरेशन नीट झालं, बरे होऊन घरी गेले. सरांच्या डोक्यातून तो प्रश्न काही गेला नाही.

मागच्या हिवाळ्यात, दिल्लीची हवा डोळ्यांना झोंबत होती तेव्हा, सरांच्याच फुफ्फुसात गाठ निघाली. सर्जन तयार होते. मशीनचे आकडे मात्र काठावर.

"पुणेकर, क्लिप आण. मला जिन्यावर ने. तू म्हणशील ते फायनल."

"सर, दुसऱ्या कुणाला सांगा ना."

"दुसरे मला घाबरतात यार."

मीही घाबरत होते, फक्त वेगळ्या कारणानं. सर चढायला लागले आणि बोलत सुटले. संत्र्याची बर्फी, माझे मयूर विहारचे शेजारी, सोसायटीतली भांडणं. दुसऱ्या लँडिंगवर थांबले. खिडकीची कड धरली.

"बघ पुणेकर, मेट्रो आज किती रिकामी आहे."

त्या खिडकीतून मेट्रो दिसत नाही. पार्किंग दिसतं.

क्लिपवरचा आकडा मी बघितलाच नाही. "सर, बोलत बोलत चढा," मी म्हणाले.

ते चढले नाहीत. माझ्याकडे बघून हसले. बोटाची क्लिप काढत म्हणाले, "आत्ता नाही ना?"

"आत्ता नाही, सर."

ऑपरेशनऐवजी रेडिएशन ठरलं. ते मुलीकडे नागपूरला गेले, तिथूनही फोनवर माझ्याकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे. उन्हाळ्यात मुलीचाच फोन आला, सर गेल्याचा. गाठ थांबली नव्हती. मी 'हो' म्हटलं असतं तर सर टेबलावरून परतले असते का, हे ज्यांना विचारायचं ते सरच होते. मी अजून रोज विचारते.

आता जिन्यावर पुढं मी असते. दम लागत नाही, तरी त्या लँडिंगवर पाय अडतात. परवा एका पेशंट आजोबांनी मागून विचारलं, "क्या देख रही हो, बेटा?"

"मेट्रो, बाबूजी," मी म्हणाले.