चार तास डोकं टेकू द्यायचं नाही

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, कळत नाही. आमच्या घरात आजवर कुणी लिहिलं असेल तर अर्जच. शिवाय ही हकीकत माझी नाही, दादाची आहे, आणि मी त्याला विचारलेलं नाही. कमीजास्त झालं तर मोठ्या मनानं माफ करावं.

वलगावजवळ आमचं थोडं वावर आहे. त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबा गेले तेव्हा दादानं शाळा सोडली, म्हणून पुढे मला अमरावतीच्या कॉलेजात जाता आलं. दादा आता एकतीस वर्षांचा आहे. पंचविशीतच त्याचे समोरचे केस मागे सरकायला लागले होते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चांदूर रेल्वेला त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो. दादानं तिला एकच प्रश्न विचारला, "वांगे आवडतेत का?" ती खाली बघत म्हणाली, "काटेरी असन तं." परतताना दादा गाडीवर गाणं गुणगुणत होता. त्याला गाता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आठ दिवसांनी, हे स्थळ सुचवणाऱ्या आमच्या मामांकडून निरोप आला. मुलाचं वय जास्त दिसतं, डोक्यावर केस कमी आहेत, पुढे पाहू. दादानं त्यातलं 'पुढे पाहू' तेवढंच ऐकलं.

मग मी वाचायला लागलो. सुरकुत्या घालवायला जे स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात, तेच कुणी कुणी टक्कल पडणाऱ्या पुरुषांच्या डोक्यातही देतात, असं कुठेतरी सापडलं. मी घरी सांगितलं. शिकलेल्या पोरानं वाचलंय म्हणजे खरंच असणार, असं आई आणि दादा दोघांनीही धरलं. मला तेव्हाच थोडी भीती वाटली होती.

असं इंजेक्शन देणारे डॉक्टर अकोल्याला सापडले; त्यांनी काही लपवलं नाही. "डोक्याभोवतीचे स्नायू आवळलेले राहतात, त्यामुळे वरच्या कातडीला रक्त कमी मिळतं, असं काहींचं म्हणणं आहे. ते सैल केले तर केसांना मदत होईल, हा अंदाज. खात्री कुणी देत नाही, मीही देणार नाही."

"होऊ द्या," दादा म्हणाला. "मी तयार हाओ."

कपाळाच्या वर, कानांच्या मागे, मानेशी, अशा बारीक बारीक सुया टोचल्या. दादानं डोळे मिटले नाहीत. निघताना सांगितलं गेलं : चार तास आडवं व्हायचं नाही, डोकं कशालाही टेकवायचं नाही, चोळायचं नाही, दोन दिवस डोक्यावर ओझं नको.

दादा रोज पहाटे तीनला उठतो. एसटीत बसला की त्याची मान पडलीच. मूर्तिजापूरपर्यंत मी त्याला बोलतं ठेवलं. नंतर तो बोलता बोलताच झोपला आणि डोकं खिडकीकडे कलायला लागलं. मी दोन्ही हातांनी त्याचा जबडा खालून धरला. बाहेर कपाशीच्या पराट्या उपटलेली काळी वावरं सरकत होती, ऊन मऊ होत होतं, मधेच एखादं बोरीचं झाड येई आणि जाई. त्याच्या श्वासाची ऊब माझ्या मनगटाला लागत होती. लहानपणी तो मला खांद्यावर घेऊन पाटाच्या पाण्यातून चालायचा, तेव्हा मी असाच त्याचं डोकं धरून बसत असेन. बस चालली आहे की जमीन, हेही कळेनासं झालं होतं. बडनेरा आलं तेव्हा माझे हात बधिर झाले होते, आणि तरी ते काढावेसे वाटत नव्हते.

पुढचे दोन दिवस वांग्यांची टोपली मी डोक्यावर घेऊन वावरातून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत नेली. दादा बांधावर हसत उभा.

"अबे, मान सरळ ठेव! पुस्तकं वायतोस का वांगे?"

"दादा, तू डोक्याले हात लावू नको फक्त."

"नाई लावत बाप्पा. डोकं तुह्यं, वांगे माहे."

तीन-चार महिने वाट पाहा, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला दुसऱ्याच महिन्यात बारीक लव दिसायला लागली. दादा आरसा उन्हात नेऊन बघायचा. मला कधी दिसायची, कधी नाही. दिसत नसली तरी मी "हो" म्हणायचो. चांदूरला पुन्हा निरोप धाडायचा तो चौथा महिना उलटल्यावर, असं ठरलं होतं.

त्या आधीच मामांचा फोन आला. मी कॉलेजच्या वाचनालयाबाहेर पायऱ्यांवर होतो. चांदूरच्या मुलीचं जमलं होतं. मुलगा अकोल्याला सरकारी कचेरीत बाबू.

मी विचारलं, "मामा, त्याले केस हाएत?"

"नाई रे. पार चकोट हाय. तुह्या दादापरीस वयानंही मोठा." मग आवाज उतरवून म्हणाले, "वावरवाला नको होता त्याईले. पह्यल्यापासून. तोंडावर कोन म्हनते तसं? तुह्या दादाले तू सांग."