तेलाची दुसरी वाटी

पंचवटीत एखाद्या घरी पाळणा हलला, की पेढ्यांच्या आधी निरोप जायचा तो नवसाबाईकडे. कळवणकडची ही बाई लग्न होऊन इथं आली, सासूकडून बाळ-बाळंतिणीची मालिश शिकली, आणि गल्लीतल्या दोन पिढ्या तिच्या पायांवर न्हाऊन मोठ्या झाल्या. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, त्यावर बाळ पालथं घालायचं आणि तोंडाचा पट्टा सोडायचा, ही तिची पद्धत. बसकं नाक ती चिमटीत धरून वर काढी. पुढं नाक सरळ निघालं तर श्रेय तिचं, आणि नाहीच निघालं तर "बापाचं आलंय, मी काय करू?"

अशा बाईनं कुत्र्याला तेल लावावं, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिच्याही नाही.

झालं असं, की दोन हजार तीनचा कुंभमेळा संपला, तपोवनातले तंबू उठले आणि एक तांबडं कुत्रं मागं राहिलं. थंडी पडली तशी त्याची कातडी कोरडी होऊन सोलायला लागली. अंग झटकलं की पांढऱ्या खपल्या उडायच्या. पोरांनी नाव ठेवलं खवल्या. मोठ्यांनी ठरवून टाकलं की ही खरूज आहे, लेकराबाळांना लागेल. जो तो त्याला हाकलू लागला. सावित्रीबाईंनी तर खराटा फेकून मारला. सावित्रीबाई म्हणजे गल्लीचं हायकोर्ट. त्यांनी ज्या कामवालीला परत पाठवलं, तिला दुसरं दार उघडत नसे.

खवल्या नवसाबाईच्या खोलीमागं येऊन भिंतीला पाठ घासत बसायचा. ते घासणं ऐकून तिचा जीव कासावीस व्हायचा आणि हात शिवशिवायचे. शेवटी तिनं त्याला धरलंच, आणि आपल्याला जे येतं ते सुरू केलं. कढत पाणी, डाळीचं पीठ, आणि कुत्रंच आहे म्हणून वर कपड्याचा साबण. रोज, न चुकता.

"आपल्या पोरांनाबी एवढं न्हाऊ घातलं नव्हतंस," नवरा देवराम म्हणाला.

"ती तुमच्यावर गेली व्हती. धुऊन काय उपेग?"

पण खवल्या जास्तच सोलू लागला. आयुष्यात पहिल्यांदा नवसाबाईच्या हाताला यश येईना. हिरमुसून तिनं त्याला दोरी बांधली आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली, तपासली आणि म्हणाले, "खरूज नाही. नुसती कोरडी कातडी आहे. आंघोळ किती दिवसांनी घालता?"

"दिवसांनी कशाला? रोज घालते! चांगल्या कढत पाण्यानं!"

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो मावशी, हे बाळंतिणीचं बाळ नाही. त्याच्या अंगचं असलं नसलं तेल तुम्हीच धुऊन काढताय." मग त्यांनी नीट समजावलं. आंघोळ महिन्यातून एकदा, कोमट पाण्यानं, कुत्र्यांच्या साबणानं. रोज विंचरायचं. भाकरीवर चमचाभर तेल, अधूनमधून उकडलेलं अंडं. आणि हात फारच शिवशिवले तर आठवड्यातून एकदा, थोडंसं खोबरेल.

न धुता बसणं नवसाबाईला फार जड गेलं. सकाळी पाणी तापलं की ती खवल्याकडं बघायची आणि खवल्या दाराकडं बघायचा. पण तिनं पथ्य पाळलं. रविवारी दार लावून ती कोनाड्यातली वेगळी वाटी आणि वेगळं फडकं काढायची. पाटावर बसून पाय लांब केले, की खवल्या शेजारी उताणा पडून चारी पाय वर करायचा. सवयीनं तिनं त्याचं शेपूटही ओढून बघितलं, पण ते नळीत घालूनही वाकडंच राहतं, हे तिला आठवलं.

दार लावायचं कारण उघड होतं. कुत्र्याला लागलेल्या हातात आपलं लेकरू कोण देईल? एक कुजबुज, आणि सगळी घरं बंद. त्या धास्तीनं तिला घास गोड लागत नसे. तरी संक्रांतीपर्यंत खवल्याच्या खपल्या गेल्या, तांबडी लव चमकू लागली, आणि ती बघून बाईचं काळीज सुपाएवढं झालं.

त्याच सुमारास सावित्रीबाईंच्या सुनेला, ज्योत्स्नाला, मुलगा झाला. रुद्र नावाचा हा नातू मालिशला असा रडे, की रामकुंडावर ऐकू जावं. एका बुधवारी सावित्रीबाईंच्या परसातल्या उन्हात नवसाबाई त्याला पायांवर घेऊन बसली होती. मागचं दार उघडं राहिलं होतं. त्यातून खवल्या आत आला, पाट बघितला, लांब केलेले पाय बघितले, तेलाची वाटी बघितली, आणि शेजारी उताणा पडून त्यानं चारी पाय वर केले.

नवसाबाईनं त्याला डोळ्यांनीच दटावलं. तेवढ्यात सावित्रीबाई बाहेर आल्या.

"नवसा, हे कुत्रं कुणाचं गं?"

"मला काय ठावं? आलं आसल कुठून तरी."

खवल्यानं एक पाय तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुला तर चांगलं ओळखतंय." सावित्रीबाईंनी चष्मा सारखा केला. "घरचं दिसतंय कुणाच्या तरी. काय तकाकी आहे अंगावर!"

नवसाबाईला एका वाक्याच्या पुढं खोटं बोलता येत नसे. "आई, खवल्या हाय त्यो. खरूज नाय त्याला, डागदरांनी बघितलंय. मीच तेल लावते. पण त्याची वाटी येगळी, फडकं येगळं. हात धुतल्याबिगर मी कंदी तुमच्या बाळाला..."

"ज्याला मी खराटा मारला, तो हा?"

सावित्रीबाई आत गेल्या. संपलं सगळं, नवसाबाईला वाटलं. तिनं फडकी गोळा करायला घेतली. मग तिच्या ध्यानात आलं की रुद्र रडत नाहीये. तो डोळे विस्फारून त्या चार वर केलेल्या पायांकडं बघत होता.

सावित्रीबाई बाहेर आल्या त्या हातात पितळी वाटी घेऊन. "घे. खोबरेल आहे. नातवाचं झालं की लाव त्याला. आजवर माझ्याकडून बिचाऱ्याला खराटाच मिळाला."

नवसाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग ती ताठ झाली. "आज नाय जमायचं, आई. त्याचा वार आईतवार. डागदरांनी सांगितलंय."

सावित्रीबाईंनी वाटीकडं बघितलं, खवल्याकडं बघितलं, आणि पायरीवर बसून लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"मग भरली वाटी परत नेऊ का? माझ्या गुडघ्यांना काही वार लागत नाही. आटप लवकर."

खवल्याचे चारी पाय अजून वरच होते.